साध्या तंत्रापासून डावपेचांपर्यंत: मार्शल आर्ट्सच्या सरावाचा क्रम

पॅडवर सहा फटक्यांची साखळी सफाईने मारणारा खेळाडू स्पॅरिंगला, म्हणजे सरावाच्या झुंजीला, उभा राहिला की बहुतेक वेळा दोनच गोष्टी करतो: घाईने एक फटका मारतो आणि मागे सरकतो. ज्युदो किंवा कुस्तीतही हेच दिसते. सरावात पुष्कळ डाव येतात, पण जोडीदाराने खरा विरोध सुरू केला की त्यांतला एकही पूर्ण होत नाही. अशा वेळी खेळाडू, आणि पुष्कळदा त्याचा प्रशिक्षकही, आणखी डाव शिकायला हवेत असा निष्कर्ष काढतो. दोष बहुधा सरावाच्या क्रमात असतो, आणि डाव वाढवल्याने तो आणखी झाकला जातो.

ज्याला आपल्या प्रकारातील पवित्रा, मूलभूत फटके किंवा पकडी आणि इजा न होता पडण्याची पद्धत ठाऊक आहे, पण ज्याच्या हातून प्रत्यक्ष झुंजीत काही घडत नाही, अशा खेळाडूसाठी पुढील टप्पे आहेत. अगदी नवशिक्याने ते प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच वापरावेत.

## सुरुवातीला एक भेद

जे सुरू करताना एकच निर्णय घ्यावा लागतो ते साधे तंत्र, असे येथे धरले आहे. बॉक्सिंगमधील जॅब (पुढच्या हाताचा सरळ फटका), कराटेतील ग्याकू-झुकी (मागच्या हाताचा सरळ फटका), ज्युदोतील ओसोतो-गारी (प्रतिस्पर्ध्याचा पाय बाहेरून झाडून त्याला मागे पाडणे) आणि कुस्तीतील एकेरी पट (एक पाय पकडून पाडणे) ही त्याची उदाहरणे. प्रतिस्पर्धी काय करतो ते पाहून ज्यात पुढचे पाऊल ठरवावे लागते, ते डावपेच. या दोहोंच्या मध्ये पाठ केलेली लांब साखळी असते आणि तीच सर्वाधिक घोटाळा करते. ती दिसायला गुंतागुंतीची असली, तरी तिच्यात निर्णय कोठेच नसतो, कारण प्रत्येक फटका प्रतिस्पर्धी आधीच्याच जागी उभा आहे असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात दुसऱ्या किंवा तिसऱ्या फटक्यापर्यंत तो सरकलेला, वाकलेला किंवा अंगाला भिडलेला असतो.

यामागे शरीराची एक मर्यादाही आहे. डोळ्यांना दिसलेल्या एका ठरलेल्या इशाऱ्याला एकच ठरलेला प्रतिसाद देण्यासाठी निरोगी तरुण माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात. पर्यायांची संख्या वाढली की हा वेळ वाढतो, हे मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी 1952 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवले. दीर्घ सरावाने ही वाढ कमी करता येते. त्यामुळे थोडे पर्याय ठेवून ते खोलवर घोटले, तर झुंजीत निवड करायला वेळ उरतो. अर्धवट घोटलेले पुष्कळ पर्याय तोच वेळ खाऊन टाकतात.

## तयारी

पहिले काम कागदावरचे आहे. आपल्याला येणाऱ्या सर्व तंत्रांची यादी करून त्यांचे तीन गट पाडावेत: एकट्याने किंवा पॅडवर जमणारी, सहकार्य करणाऱ्या जोडीदारावर जमणारी आणि विरोध करणाऱ्या जोडीदारावर गेल्या काही आठवड्यांत खरोखर लागलेली. तिसऱ्या गटात बहुतेकांच्या हाती दोन-तीन नावेच उरतात. ती संख्या पाहून निराश होण्याचे कारण नाही, कारण पुढची सगळी बांधणी तिच्यावरच करायची आहे.

दुसरे म्हणजे आपण कोणत्या नियमांखाली लढणार हे स्पष्ट असावे. ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेखाली पकड करता येत नाही, म्हणून तेथे एकेरी पटावर आराखडा उभारण्यात अर्थ नाही. जागतिक कराटे महासंघाच्या कुमिते, म्हणजे कराटे झुंजीच्या, नियमांत हाताच्या फटक्याला 1, धडावरील लाथेला 2 आणि डोक्यावरील लाथेला 3 गुण मिळतात. त्यामुळे मागे पडलेल्या आणि आघाडीवर असलेल्या खेळाडूने घ्यायची जोखीम तेथे वेगवेगळी असते. स्वसंरक्षण हाच हेतू असेल, तर निसटून दूर जाणे हेच यश मानावे आणि जमिनीवर नेणारी तंत्रे निवडताना दोनदा विचार करावा.

साहित्य थोडे लागते: माउथगार्ड, प्रकारानुसार हातमोजे व नडगीचे संरक्षक, जमिनीवर मॅट, एक वही आणि शक्य असल्यास मोबाइलवर चित्रण करण्याची सोय. जोडीदाराशी सरावापूर्वी दोन गोष्टी ठरवाव्यात. थांबण्याचा इशारा कोणता, हे दोघांना ठाऊक असावे. आणि आजच्या फेरीत जोर किती, हे आधी बोलून घ्यावे.

इशारा. टॅप झाला, म्हणजे जोडीदाराने हाताने थोपटून हार मानली, की पकड त्याच क्षणी सुटली पाहिजे. सांधे पिरगाळणाऱ्या पकडी सरावात सावकाश लावाव्यात. टाच पिरगाळणाऱ्या पकडीत वेदना जाणवण्याआधीच गुडघ्याच्या अस्थिबंधांना इजा होऊ शकते, म्हणून ती नवशिक्यांच्या सरावात नसावीच.

## टप्पा 1: एकच तंत्र निवडणे

निवड करताना खेळाडू बहुधा आपला सर्वांत नेत्रदीपक डाव पुढे करतात. त्याऐवजी तंत्र फसल्यावर आपण कोणत्या अवस्थेत उरतो, हा प्रश्न आधी विचारावा. जॅब चुकला तर पवित्रा जवळजवळ जसाच्या तसा राहतो आणि दुसरा जॅब लगेच मारता येतो. गिरकी घेऊन मारलेली लाथ चुकली, तर क्षणभर पाठ प्रतिस्पर्ध्याकडे असते. ज्युदोतील सेओई-नागे (पाठ वळवून खांद्यावरून फेकण्याचा डाव) अर्धवट राहिला, तरीही पाठ त्याच्या ताब्यात जाते, आणि ज्या प्रकारात मागून गळा आवळण्याची मुभा आहे तेथे ही चूक महागात पडते. सुरुवातीला तंत्र सातत्याने फसणारच आहे, म्हणून फसण्याची किंमत कमी असलेले तंत्र आधी घ्यावे.

याखेरीज ते आपल्या नेहमीच्या पवित्र्यातून, वेगळी तयारी न करता सुरू होणारे असावे; ते आपल्याहून उंच आणि आपल्याहून वजनदार अशा दोन्ही प्रकारच्या जोडीदारांवर किमान प्रयत्न करण्याजोगे असावे; आणि एका फेरीत ते वारंवार करता यावे. आधी केलेल्या यादीतील तिसऱ्या गटात या कसोट्यांना उतरणारे तंत्र असेल तर तेच घ्यावे, मग ते कितीही नीरस वाटो.

तपासणी. निवडलेले तंत्र कधी वापरायचे, हे एका वाक्यात सांगता येते का? “तो माझ्या पुढच्या पायाच्या टप्प्यात आला की जॅब” हे वाक्य चालेल. “संधी मिळाली की” हे उत्तर आले, तर निवड अजून झालेली नाही.

## टप्पा 2: आकार पक्का करणे

या टप्प्यात वेग आणि जोर दोन्ही बाजूला ठेवून हालचालीचे तीन-चार निर्णायक बिंदू ठरवावेत आणि एका वेळी एकाच बिंदूकडे लक्ष द्यावे. जॅबचे बिंदू असे मांडता येतील: कोपर बाहेर न फाकता हात सरळ रेषेत जातो, खांदा वर येऊन हनुवटी झाकतो, दुसरा हात गालापाशीच राहतो, आणि गेलेला हात त्याच रेषेतून, खाली न घसरता, परत येतो. यांतला शेवटचा बिंदू सर्वाधिक दुर्लक्षित असतो. पॅड धरणारा जोडीदार उलट मारत नसल्यामुळे हात सैलपणे खाली आणण्याची सवय लागते आणि स्पॅरिंगमध्ये नेमका त्याच वेळी प्रतिस्पर्ध्याचा मागचा हात चेहऱ्यावर येतो. पॅड धरणाऱ्याने अधूनमधून हलका पॅड डोक्याकडे फिरवला, तर ही सवय लवकर मोडते.

एकेरी पटात डोके खाली घालून शिरणे ही अशीच मूलभूत चूक आहे, कारण तिने मानेवर ताण येतो आणि गळ्याची पकडही आयती मिळते. नजर वर, पाठ सरळ, डोके प्रतिस्पर्ध्याच्या छातीला आतल्या बाजूने टेकलेले आणि पकडलेला पाय आपल्या छातीला घट्ट लावलेला, हा क्रम मोडता कामा नये. ओसोतो-गारीत पाय झाडण्याआधी प्रतिस्पर्ध्याचा तोल त्याच्या मागच्या कोपऱ्याकडे गेलेला असावा लागतो. तोल न घालवता फक्त पाय मागे झाडणारा खेळाडू स्वतःच मागे कलतो आणि त्याच डावाने उलटा पडतो. उचिकोमीच्या (न फेकता डावात शिरण्याची पुनरावृत्ती) लांबलचक फेऱ्या पुष्कळदा हीच चूक घोटून पक्की करतात, कारण तेथे जोडीदार आधीच तोल देऊन उभा असतो. फेऱ्या कमी करून प्रत्येक वेळी तोल खरोखर हलतो आहे का हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

थकवा आल्यावर आकार बिघडू लागला की त्या दिवशी हा भाग थांबवावा. थकलेल्या शरीराने केलेल्या पुनरावृत्तींना दमसासाचा व्यायाम म्हणून जागा आहे, आकार शिकवण्याचे काम मात्र त्या करत नाहीत.

तपासणी. 100 पासून सात-सात वजा करत मोठ्याने मोजावे आणि त्याच वेळी तंत्र करत राहावे. मोजणी अडखळली तर चालेल. आकार मोडला, तर तंत्राला अजून विचारपूर्वक लक्ष लागते आहे, आणि जे लक्ष झुंजीत प्रतिस्पर्ध्याकडे हवे ते हातपायांवरच खर्च होणार आहे. अशा स्थितीत पुढे जाऊ नये.

## टप्पा 3: अंतर आणि वेळ

आता जोडीदार हलू लागतो, पण मारत नाही. तो पुढे, मागे आणि बाजूला सरकत राहतो. आपण टप्प्याबाहेर राहून, योग्य अंतर दिसताच शिरून तंत्र करायचे आणि पुन्हा बाहेर पडायचे. बाहेर पडणे हा तंत्राचाच भाग धरावा. मारून जागीच उभे राहण्याची सवय या टप्प्यात लागली, तर ती पुढे निघता निघत नाही.

येथे सरावाची मांडणीही बदलते. एकाच अंतरावरून एकच गोष्ट ओळीने पन्नास वेळा करण्याऐवजी अंतर, दिशा आणि आरंभीची पकड प्रत्येक प्रयत्नाला बदलत ठेवावी. हालचाली शिकण्यावरील संशोधनात 1979 मध्ये जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी दाखवले की ओळीने एकच काम करणाऱ्यांची प्रगती सरावाच्या वेळी अधिक चांगली दिसते, पण मिसळून केलेला सराव नंतरच्या चाचणीत अधिक टिकतो. त्यांचे काम झुंजीवरचे नव्हते, आणि अगदी नवख्या हालचालीला ओळीने केलेला सरावही लागतो, म्हणूनच तो आधीच्या टप्प्यात ठेवला आहे. मिसळलेल्या सरावात काही दिवस कामगिरी घसरल्यासारखी वाटते. खेळाडू घाबरून याच ठिकाणी पुन्हा ठरावीक पॅडफेऱ्यांकडे वळतात.

तपासणी. चित्रण पाहावे. तंत्र सुरू करण्याआधी खांदा मागे ओढणे, श्वास रोखणे, पाय आपटणे किंवा पकड बदलणे असे काही दर वेळी दिसत असेल, तर प्रतिस्पर्ध्यालाही ते दिसणार आहे. अशी एकच खूण निवडून ती घालवावी. सर्व खुणांवर एकदम काम करू नये.

## टप्पा 4: विरोध पायरीपायरीने वाढवणे

बहुतेकांचा सराव याच ठिकाणी तुटतो, कारण सहकार्याच्या सरावातून खेळाडू थेट मोकळ्या स्पॅरिंगमध्ये ढकलला जातो. मधल्या पायऱ्या गाळल्यामुळे त्याला तंत्र वापरून पाहण्याइतकी उसंत मिळत नाही, तो जुन्या प्रतिक्षिप्त हालचालींवर परततो आणि “हे तंत्र खऱ्या झुंजीत चालत नाही” असे ठरवून मोकळा होतो.

पहिल्या पायरीवर जोडीदाराने एकच ठरलेला बचाव करावा, आणि तो आपल्याला आधी माहीत असावा. दुसरीवर त्याने दोन बचावांपैकी कोणताही एक करावा. तिसरीवर त्याला प्रत्युत्तराचीही मुभा द्यावी, पण एकाच तंत्राची, उदाहरणार्थ फक्त मागच्या हाताचा सरळ फटका. चौथीवर अटींची झुंज येते: एका खेळाडूला फक्त जॅब आणि पदन्यास, दुसऱ्याला सर्व तंत्रे, किंवा कुस्तीत एकाचा पाय आधीच पकडलेला आणि तेथून पुढे दोघांनीही पूर्ण विरोध करायचा. पाचवी पायरी म्हणजे मोकळी स्पॅरिंग किंवा रंडोरी (ज्युदोतील मोकळी सराव झुंज).

अटींच्या झुंजीला पुष्कळ जण कमी लेखतात. माझ्या मते या पूर्ण क्रमातील सर्वांत किफायतशीर वेळ तोच आहे. मोकळ्या स्पॅरिंगच्या तीन मिनिटांत निवडलेल्या तंत्राची खरी संधी फार थोड्या वेळा येते. पाय पकडलेल्या स्थितीतून सुरू होणाऱ्या छोट्या फेऱ्यांत तेवढ्याच अवधीत ती कितीतरी अधिक वेळा येते आणि प्रत्येक वेळी विरोध खरा असतो. फेरीचा हेतू मात्र दोघांनाही ठाऊक हवा. आपण एकाच तंत्रावर काम करत आहोत हे ओळखून जोडीदाराने तेवढेच एक अडवत बसायचे ठरवले, तर आपण काही शिकत नाही आणि त्याचाही सराव होत नाही. अशा जोडीदाराला दोष देण्याऐवजी अट बदलावी, म्हणजे त्यालाही आक्रमणाचे एखादे काम द्यावे.

पायरी चढण्यासाठी मी एक ठोकळ प्रमाण वापरतो: साधारण तितक्याच ताकदीच्या जोडीदारावर दहा प्रयत्नांपैकी चार-पाच लागू लागले की पुढची पायरी, आणि एक-दोनच लागत असतील तर एक पायरी खाली. नऊ लागत असतील, तर आपण सोप्या पायरीवर रेंगाळलो आहोत किंवा जोडीदार मनापासून विरोध करत नाही.

इशारा. विरोध वाढवणे म्हणजे फटक्यांचा जोर वाढवणे, असा समज फार पसरलेला आहे. निर्णयाची अडचण वाढवण्यासाठी डोक्यावर जोरात मारण्याची गरज नसते. हेल्मेटमुळे जखमा आणि खरचटणे कमी होते, पण मेंदूला बसणारा हादरा त्याने थांबतो असे समजू नये. डोक्याला मार लागल्यावर डोकेदुखी, चक्कर, मळमळ, धूसर दिसणे, गोंधळ किंवा विसर यांपैकी एकही लक्षण दिसले, तर त्या दिवशीचा सराव तेथेच संपवावा, डॉक्टरांकडे जावे आणि त्यांच्या परवानगीनंतरच हळूहळू परतावे.

तपासणी. किमान तीन वेगवेगळ्या शरीरयष्टीच्या जोडीदारांवर तंत्र चौथ्या पायरीपर्यंत लागले पाहिजे. एकाच जोडीदारावर लागणारे तंत्र पुष्कळदा त्या व्यक्तीच्या एखाद्या खोडीवर आधारलेले असते.

## टप्पा 5: प्रतिस्पर्ध्याच्या उत्तरातून दुसरे तंत्र उभे करणे

डावपेचांची सुरुवात येथे होते, आणि ती आपल्या आवडीच्या तंत्रांच्या यादीतून करायची नसते. पहिले तंत्र विश्वासार्ह झाले की प्रतिस्पर्ध्यांना त्याची दखल घ्यावी लागते आणि ते काही ठरावीक उत्तरे देऊ लागतात. चौथ्या टप्प्यातील चित्रणे आणि वही समोर घेऊन ही उत्तरे नोंदवावीत व सर्वांत जास्त वेळा आलेली दोनच निवडावीत. सहा उत्तरांवर सहा उपाय शोधण्याचा मोह आवरावा, कारण त्यातून पुन्हा तीच अर्धवट पाठ केलेली यादी तयार होते.

दोघांचाही डावा पाय पुढे असलेल्या बॉक्सिंगच्या पवित्र्यात जॅबला येणारी दोन सामान्य उत्तरे घेऊ. प्रतिस्पर्धी आपल्या मागच्या हाताने जॅब बाजूला थोपटतो, तेव्हा तो हात गालापासून दूर येतो. म्हणून जॅबचा आभास दाखवून त्याच पुढच्या हाताने हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेला फटका) मारण्याची वाट उघडते. प्रतिस्पर्धी मागे सरकत असेल, तर पहिल्या जॅबमागून पाऊल टाकत दुसरा जॅब आणि त्यामागून सरळ मागचा हात असा पाठलाग करावा. दोन्ही ठिकाणी सुरुवात एकच आहे, म्हणून ती पाहून प्रतिस्पर्ध्याला पुढचे ओळखता येत नाही. दोन वेगवेगळ्या सुरुवातींनी दोन डाव केले असते, तर हा फायदा मिळाला नसता.

ज्युदोत ओउची-गारीने, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा पाय आतून झाडण्याच्या डावाने, मागे ढकलल्यावर प्रतिस्पर्धी तोल सावरण्यासाठी पुढे रेटा देतो आणि तो रेटा सेओई-नागेला लागणाऱ्या दिशेनेच येतो. तो पुढे न रेटता पाय सोडवून मागे टाकत असेल, तर वजन पेलणाऱ्या दुसऱ्या पायावर कोउची-गारी (पाऊल आतून झाडण्याचा छोटा डाव) घेता येतो. कुस्तीत एकेरी पट लागल्यावर प्रतिस्पर्धी उरलेल्या पायावर उड्या मारत तोल सांभाळू लागला, तर तो पाय झाडावा किंवा दोन्ही पायांची पकड घ्यावी. त्याने पाय मागे फेकून कंबर खाली दाबली, तर त्याच्या छातीखाली रेंगाळू नये. गुडघे अंगाखाली घेऊन डोके वर काढावे आणि बाजूने फिरत पाठीमागे जाण्याचा प्रयत्न करावा.

प्रत्येक जोडीचा सराव वर सांगितलेल्या पायऱ्यांनीच करायचा आहे, फक्त एक बदल करून. जोडीदाराने कधी उत्तर द्यावे आणि कधी देऊ नये. उत्तर आले नाही, तर पहिलेच तंत्र पूर्ण करायचे. ही सूचना क्षुल्लक वाटते, पण ती गाळली की खेळाडू दुसरे तंत्र मनात धरून पहिले केवळ नावापुरते करतो. लुटुपुटीच्या ओउची-गारीला कोणी पुढे रेटा देत नाही, आणि मग पुढचा सेओई-नागेही अडतो. जोडीदाराला पहिल्या हल्ल्याची खरी भीती वाटलीच पाहिजे.

तपासणी. जोडीदाराने यादृच्छिक पद्धतीने दोनपैकी एक उत्तर द्यावे किंवा काहीच करू नये. आपली निवड बहुतेक वेळा बरोबर येते का, हे तिसऱ्या व्यक्तीने पाहावे. खेळाडूला स्वतःला आपण पाहून निवडले असे वाटते, पण पुष्कळदा त्याने आधीच ठरवलेले असते आणि योगायोगाने ते जुळते.

## टप्पा 6: हुलकावणी

हुलकावणी स्वतंत्रपणे शिकवण्यात फारसे हाशील नाही. जॅब काही वेळा खरोखर लागलेला असेल, तरच अर्ध्या जॅबला प्रतिस्पर्धी दचकतो. तिचा सराव करताना तीन चुका सतत दिसतात. पहिली, ती इतकी घाईची असते की समोरच्याला दिसतच नाही. दुसरी, ती टप्प्याबाहेरून केली जाते, त्यामुळे तिला उत्तर देण्याची कोणाला गरज भासत नाही. तिसरी, हुलकावणी आणि हल्ला यांच्यामधले अंतर दर वेळी सारखेच असते, आणि दोन-तीनदा पाहिल्यावर प्रतिस्पर्धी ताल मोजून तयार राहतो. खऱ्या तंत्राचा फक्त पहिला तुकडा, म्हणजे खांदा आणि पुढचा पाय, नेहमीच्याच वेगाने दाखवावा आणि प्रतिक्रिया आली नाही तर लगेच खरे तंत्र करावे.

## टप्पा 7: लढतीचा आराखडा

आराखडा दोन वाक्यांत मावला पाहिजे: एकात मुख्य बेत, दुसऱ्यात तो कधी बदलायचा याची अट. “जॅबने अंतर राखून त्याला मागे रेटत राहायचे. त्याने दोन्ही हात उंच करून चेहरा झाकून घेतला की धडावर वळायचे.” एवढे पुरे होते. अट डोळ्यांना दिसणारी असावी. “दबाव वाढला तर” ही अट निरुपयोगी आहे, कारण थकलेल्या माणसाला प्रत्येक क्षणी दबाव वाढलेलाच वाटतो.

प्रतिस्पर्धी डावखुऱ्या पवित्र्यात उभा असेल, तर त्याचा वेगळा विचार आधीच करून ठेवावा. दोघांचे पुढचे हात एकमेकांसमोर येत असल्याने जॅब अडतो, मागच्या हाताच्या सरळ फटक्याची रेषा मोकळी होते आणि आपला पुढचा पाय त्याच्या पायाच्या बाहेरच्या बाजूला ठेवण्यासाठी झटावे लागते. हा बदल लढतीच्या दिवशी सांगून भागत नाही. त्यासाठी काही आठवडे तशा जोडीदाराबरोबर तिसरा आणि चौथा टप्पा पुन्हा करावा लागतो.

बॉक्सिंगमध्ये दोन फेऱ्यांमधील विश्रांती 1 मिनिटाची असते. तेवढ्यात श्वास सावरणे, पाणी आणि जखमांची देखभाल झाल्यावर बोलण्यासाठी उरतो तो वेळ फार थोडा. त्यात पाच सूचना देणारा प्रशिक्षक प्रत्यक्षात एकही देत नाही. कोपऱ्यात वापरायचे शब्द सरावातच ठरवून घ्यावेत आणि अटींच्या झुंजीत तेच शब्द ओरडून पाहावेत. खेळाडूला ते झुंजताना कळत नसतील, तर सूचना बदलावी.

लढतीआधीच्या शेवटच्या आठवड्यात नवे तंत्र आणू नये. मनात अस्वस्थता असली की काहीतरी नवे शिकावेसे वाटते, आणि नेमके ते अर्धवट तंत्र ऐन झुंजीत डोके वर काढते.

## लांब साखळ्या आणि अवघड तंत्रे कधी घ्यावीत

लांब साखळ्यांना सरावात जागा आहे. पॅडवर त्यांनी दमसास, वजनाचा पालट आणि दोन्ही बाजूंचा समतोल सुधारतो, फक्त त्यांना झुंजीचा आराखडा समजू नये. गिरकीच्या लाथा, उडीचे डाव किंवा दुर्मिळ पकडी घेण्याची वेळ तेव्हा येते, जेव्हा आपल्या नेहमीच्या जोडीदारांना आपले पहिले तंत्र आणि त्यामागचे दोन पर्याय पूर्ण पाठ झालेले असतात आणि चौथ्या पायरीवरील यश सतत घसरत जाते. तेव्हाही असे तंत्र जुन्याच सुरुवातीतून निघणारे निवडावे. कातांमधील क्रमबद्ध हालचालींचा हेतू वेगळा असतो; त्यांची कसोटी कुमितेतील उपयोगावर लावून त्या टाकून देणे किंवा त्या येतात म्हणून कुमिते जमेल असे मानणे, दोन्ही चूक आहे.

## एका तासाची विभागणी

पहिली 10 मिनिटे अंग गरम करणे, पदन्यास आणि पडण्याचा सराव. पुढची 10 आकारासाठी. 15 हलत्या जोडीदारावर. 20 अटींच्या किंवा मोकळ्या झुंजीसाठी. आणि उरलेली 5 वहीसाठी. बहुतेक वर्गांत पहिल्या दोन भागांवर निम्म्याहून अधिक वेळ जातो आणि शेवटची पाच मिनिटे कोणीच देत नाही. वहीत किती प्रयत्न केले, किती लागले आणि न लागलेल्यांत समोरच्याने काय केले, एवढ्याच नोंदी असाव्यात. त्यांच्याविना पाचवा टप्पा अंदाजावर चालतो.

## अडखळल्यास कोठे परतावे

- पॅडवर जमते पण हलत्या जोडीदारावर हात पोहोचत नाही: तिसरा टप्पा, आणि त्यातही पदन्यास.
- हात पोहोचतो पण प्रत्येक वेळी उलट मार बसतो: दुसरा टप्पा, हात परत येण्याची रेषा आणि बाहेर पडणे तपासावे.
- नवख्यांवर लागते, बरोबरीच्यांवर नाही: आधी तिसऱ्या टप्प्यातील खुणा, मग पाचवा टप्पा.
- दुसरे तंत्र सुरू होते पण कधीच लागत नाही: बहुधा पहिलेच मनापासून केले जात नाही, म्हणून चौथ्या टप्प्यावर फक्त पहिले तंत्र घेऊन काही दिवस काढावेत.
- सरावात सगळे जमते, स्पर्धेत मात्र काहीच आठवत नाही: आराखडा लांब झाला आहे, त्यातील दुसरे वाक्यही तात्पुरते काढून टाकावे आणि एकाच तंत्राने एक-दोन लढती खेळाव्यात.

दोन-तीन महिने प्रामाणिकपणे क्रम पाळूनही निवडलेले तंत्र चौथ्या टप्प्यात दहापैकी दोनच्या पुढे जात नसेल, तर ते आपल्या शरीराला किंवा पवित्र्याला साजेसे नाही असे समजून पहिल्या टप्प्यापासून दुसरे घ्यावे. जुने तंत्र वहीतील दुसऱ्या गटात परत नोंदवून ठेवावे. सांधे, ताकद किंवा पवित्रा बदलल्यानंतर काही वर्षांनी अशी तंत्रे जमू लागतात आणि तेव्हा त्यांचा आकार नव्याने शिकावा लागत नाही.